मंदिराचा वाटा

"दारात जे येईल ते आधी बुद्धापुढे ठेवायचं. आपलं काय ते नंतर."

मंदिराचा पुजारी असलेल्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी हातात काही नवीन वस्तू आली की हिसानोला आधी हा आवाज ऐकू येई. सिनेमावाल्यांनी आणलेली तांदळाच्या बिस्किटांची पेटी तिने दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलली, मूर्तीपुढच्या चौरंगावर आधीच्या पेटीशेजारी ठेवली आणि जरीचा पडदा खाली सोडला. पडद्याची कड जमिनीला टेकली आहे ना, हे तिने वाकून पाहिलं. तिची एवढी एकच अट होती. मंदिराच्या दालनात जुगाराचा अड्डा मांडा, पण बुद्धाच्या नजरेसमोर नको.

"झालं का काकू?" दिग्दर्शक मुरोई पलीकडून ओरडले. "तसं सावकाश होऊ द्या. बुद्धाला घाई नसते, माझ्या निर्मात्याला असते."

"झालं," ती म्हणाली आणि कडेने, वायरींवर पाय न देता, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

दालनाच्या मधोमध पांढरं कापड ताणून बसवलेली लांब गादी होती. तिच्या दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत उघडी माणसं मांडी घालून बसली होती. त्यांच्या पाठीवरची गोंदणं पहाटेपासून रंगवायला घेतली होती. रंग अजून ओला असल्यामुळे कुणी कुणाला टेकत नव्हतं. सगळे हात फाकवून पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यांसारखे बसले होते. सिनेमा जुगाराचा, पैशाचा आणि पुढाऱ्यांचा होता. बंदरावरचा एक अड्डेवाला, एक मंत्री, आणि दोघांच्या मध्ये फिरणारी मिठाईची एक पेटी. असले सिनेमे तेव्हा महिन्याला एक निघत. हिसानोने त्यातला एकही पाहिलेला नव्हता. पण छप्पर गळत होतं आणि कंपनी भाडं आगाऊ देत होती.

चौरंगावरची आधीची पेटी मिठाईची, आमदार इसोगाईंनी दिलेली होती. शरदातल्या पितरांच्या आठवड्यात, सगळा गाव सूत्रपठणाला जमलेला असताना, त्यांनी ती स्वतः आणून तिच्यापुढे सरकवली होती.

"योकान आहे वहिनी, अगदी साधंच," ते म्हणाले होते. "मंदिराचा वाटा मंदिराला मिळायलाच हवा." मग आवाज खाली आणून, "टेकडीच्या उताराचंही तेवढं मनावर घ्या."

"बुद्धापुढे ठेवते," असं म्हणून ती उठली होती आणि पेटी चौरंगावर ठेवून आली होती. परत येताना तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "योकान टिकतं. यांच्या वर्षश्राद्धाला उघडू. सगळ्यांना एकेक तुकडा देईन."

"छे छे, घरच्यासाठी आहे हो ते," आमदार घाईने म्हणाले होते. "गावाला मी वेगळं देईन की."

किती संकोची माणूस, असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

उतार म्हणजे मंदिराच्या मागची बेवारस थडग्यांची जागा. वादळात वाहून आलेले खलाशी, बंदरावरच्या घरांत विकल्या गेलेल्या आणि मेल्यावर ज्यांना न्यायला कुणी आलं नाही अशा मुली. दगडांवरची नावं पुसून गेली होती. काहींवर ती कधी कोरलीच नव्हती. नवरा रोज सकाळी त्यांना पाणी घालायचा. शेवटच्या आजारात त्याने बांबूची ती लांब दांड्याची पळी तिच्या हातात दिली, बोलला काहीच नाही. "घालीन," तीच म्हणाली. तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती. मुलगा क्योतोच्या मुख्य मठात शिकत होता. तो वसंतात दीक्षा घेऊन परत येईपर्यंत तिने चहा सोडला होता, आणि तोवर मंदिराचा शिक्काही तिच्याच कपाटात होता. आमदारांना गावात मोटरबोटींच्या शर्यतींवर पैसे लावायचं केंद्र आणायचं होतं. त्याचा रस्ता त्या उतारावरून जाणार होता.

"शांतता!" कुणीतरी ओरडलं.

गादीच्या कडेला बसलेल्या माणसाने वेताच्या पेल्यात दोन फासे टाकले, पेला हवेत फिरवून गादीवर पालथा मारला. दोन्ही बाजूंनी एकदम आवाज उठला.

"सम!"

"विषम!"

"विषम! विषम!"

"दोन्ही बाजू सारख्या झाल्या," मधला माणूस म्हणाला. पेला उचलला गेला. कुणी हसलं, कुणी मांडीवर मूठ आपटली. मग खांबाला टेकून बसलेला अड्डेवाला डोळेही न उघडता म्हणाला, "मंदिराचा वाटा बाजूला काढा."

हिसानोच्या हातातली किटली दाराच्या चौकटीला लागली. आवाज बारीकच होता, पण मुरोईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"माफ करा," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं."

"पुन्हा!" मुरोई म्हणाले. "आणि ते पाणकावळे, तुम्ही जरा कमी हसा. हरताय तुम्ही."

तिच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर मंत्र्याचं काम करणारे हाचिया बसले होते. साठी उलटलेले, सोनेरी काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचा काळा कोट, आणि कोटाखाली, चित्रीकरणात पाय दिसणार नव्हते म्हणून, घरची लोकरी विजार. तिने त्यांना चहा ओतला, स्वतःसाठी नुसतं गरम पाणी.

"त्यांनी काय म्हटलं मघाशी?" तिने हळूच विचारलं. "मंदिराचा वाटा?"

"अड्डेवाल्याची दलाली हो ती," हाचिया म्हणाले. "जुगारात जिंकणारा जिंकतो, हरणारा हरतो, पण दर डावाला अड्डेवाला आपलं काढून घेतो. पूर्वी म्हणे असे डाव मंदिरांतच बसायचे. पोलीस यायचे नाहीत ना आत. मग मंदिराला काहीतरी द्यायचं, ते नाव चिकटलं ते चिकटलं." चहा फुंकत त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला वाईट वाटलं वाटतं. लेखकाला सांगून बदलून घेऊ का?"

"नको. शब्द आहे तो." तिने कप खाली ठेवला. "हा शब्द साधी माणसं वापरतात का? म्हणजे, जुगार न खेळणारी?"

"साधा माणूस देणगी म्हणेल. नाहीतर दक्षिणा." ते हसले. "हा शब्द ज्याच्या तोंडात बसलाय तो गादीवर बसून आलेला असणार."

पुढचा प्रसंग पेटीचा होता. मंत्री अड्डेवाल्यापुढे येऊन बसतो, रुमाल सोडतो, मिठाईची पेटी सरकवतो. हाचियांनी तो दोनदा केला. दोन्ही वेळा मुरोईंनी थांबवलं.

"हाचियाबुवा, आत काय कापूस आहे का? देशाचं बंदर विकायला निघालाय तुम्ही. बोटांनी काय उचलताय!"

"अहो, पेटीच हलकी आहे तर मी काय करू?"

सामानवाला कपाळाचा घाम पुसत पुढे आला. "मी बरोब्बर भरलीय साहेब. नोटांच्या आकाराचे कागद, बंडलं बांधून. खऱ्या नोटांचंही एवढंच वजन होतं."

"होत असेल. प्रेक्षकाला पटलं पाहिजे."

हिसानो आत गेली. फळीवर गावकऱ्यांच्या प्रमुखाकडून, गेन्झोकडून, आलेली योकानची पेटी होती. आमदारांच्या पेटीसारखीच, त्याच मिठाईवाल्याची, त्याच मापाची. लाल डाळीच्या त्या घट्ट लांबट वड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असत. पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरूनच आणावी लागे. तिने ती तशीच आणून सामानवाल्याला दिली. हाचियांनी उचलली आणि त्यांचे खांदे आपोआप खाली आले.

"आता कसं!" ते म्हणाले. "भ्रष्टाचार असा वजनदार पाहिजे."

सगळे हसले. पाणकावळेही हसले.

"गंमत बघा वहिनी," प्रसंग संपल्यावर पेटी तिला परत देत ते म्हणाले, "मी आजवर इतक्या सिनेमांत ही पेटी दिली. दर वेळी आत काहीतरी जड भरावं लागतं. खरा पैसा मिठाईपेक्षा हलका असतो, पण पडद्यावर ते कुणाला खरं वाटत नाही."

ती पेटी घेऊन उभी राहिली. हाताला वजन लागत होतं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग पेटी फळीवर ठेवायला आत गेली.

दुपारच्या जेवणाला सगळे अंगणात पांगले तेव्हा गेन्झो आला. गेन्झो म्हणजे मंदिराच्या गावकऱ्यांचा प्रमुख, जन्मभर समुद्रावर गेलेला, चालताना अजूनही पाय फाकवून टाकणारा. त्याने नटांकडे पाहिलं नाही. टोपी काढून तो पडवीच्या कडेला बसला.

"वहिनी, उतारावर खुंट्या ठोकल्यात. लाल टोकाच्या. मोजणीवाले सकाळी खालच्या बाजूने येऊन गेले."

"कुणाला विचारून?"

गेन्झोने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही होकार दिलात म्हणे."

"मी? कधी?"

"आता मला काय विचारता? सगळ्यांनीच पाहिलं की. साहेबांनी पेटी दिली, तुम्ही बुद्धापुढे ठेवलीत. परत करायची वस्तू कुणी बुद्धापुढे ठेवतं का? साहेब सगळीकडे सांगतायत, वहिनींना मी उताराचं बोललो, वहिनी म्हणाल्या बुद्धापुढे ठेवते, आणि ठेवलंन. याच्यापुढे आणखी कुठला होकार हवा?"

"मी पेटीचं म्हणत होते, गेन्झो."

"ते माझ्या लक्षात आलं आत्ता." तो खाली पाहूनच बोलत होता. "पण वहिनी, साहेब नवं छप्पर देणार म्हणतात. तांब्याच्या पत्र्याचं. लोकांना वाटतं, दगड काय, दुसरीकडे एका जागी रचता येतील. आज चारला मच्छीमार संघाच्या दालनात बैठक आहे. सगळे येणार आहेत. तुम्ही शिक्का घेऊन यायचंय, असा निरोप आहे."

"आणि तुला काय वाटतं?"

अंगणात एक गोंदलेला माणूस अंघोळीच्या टॉवेलने दुसऱ्याला वारा घालत होता.

"माझी थोरली आत्या त्यातच आहे कुठेतरी," गेन्झो म्हणाला. "कुठल्या दगडाखाली, ते आजोबांनी सांगितलं नाही. त्यांनीच विकली होती ना तिला. लहानपणी मी विचारलं तर म्हणाले, सगळ्यांनाच नमस्कार कर, म्हणजे तिला पोचेल." त्याने टोपी डोक्यावर घातली. "दगड हलवले की मग कोण कुणाशेजारी होतं तेही जाईल. पण मी एकटा उभा राहून काय बोलणार? माझ्या दोन्ही पोरांच्या नोकऱ्या साहेबांनी लावल्यात."

"मी येते चारला," हिसानो म्हणाली.

"शिक्का?"

"रिकाम्या हाताने नाही येणार."

गेन्झो वाकून नमस्कार करून निघून गेला.

दालनात पुन्हा दिवे लागले. सामानवाला गादीवरचं कापड ताणत होता. कुणाच्या नजरेत न येता ती कडेने गेली आणि पडद्याच्या आत शिरली.

आत अंधार होता. उदबत्तीचा जुना वास होता. तिने डोळे सरावू दिले, हात जोडले, मग इसोगाईंच्या पेटीखाली दोन्ही हात घातले. इतकी वर्षं ती त्या चौरंगावर योकानच्या पेट्या ठेवत आणि उतरवत आली होती. हातांनी त्या वजनाची तयारी आपसूक केली, आणि पेटी एकदम छातीपर्यंत वर आली.

पितरांच्या आठवड्यातल्या गर्दीत, गडबडीत, वजनाकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. पडद्यापलीकडे पेला गादीवर आपटला.

"सम!"

"विषम!"

तिने पेटी कानाशी नेली नाही, हलवली नाही. दोरीच्या गाठीवर मिठाईवाल्याची कागदी पट्टी होती. ती किंचित तिरकी बसली होती, एकदा काढून पुन्हा लावल्यासारखी. तिने पट्टीला नख लावलं आणि काढून घेतलं. उघडली की ती तिची झाली. गुपचूप परत पाठवली तर आमदार म्हणतील, कसली पेटी? योकान तर वहिनींनी कधीच खाल्लं. आणि गाव मान डोलावेल, कारण गावाने ती पेटी येताना पाहिली होती, जाताना पाहणार नव्हता.

पेटी हातातच होती. बुद्ध समोर होता. जे येईल ते आधी बुद्धापुढे. आपलं काय ते नंतर. नवऱ्याच्या त्या वाक्याचा पुढचा भाग तिला आठवला. तो इतका रोजचा होता की तिने तो कधी वेगळा ऐकलाच नव्हता. बुद्धापुढून उतरलेलं आपल्या एकट्याचं नसतं, ते सगळ्यांत वाटायचं. आणि वाटीन असं तर तिने सांगून ठेवलं होतं, सगळ्या गावासमोर. वर्षश्राद्धाला अजून वेळ होता. पण आज सगळेच जमणार होते, आणि खुंट्या ठोकून झाल्या होत्या.

तिने पेटीला वाकून नमस्कार केला, मग बुद्धाला, आणि पडद्याच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडून खोलीत गेली.

तिथे तिने चांगला राखी किमोनो नेसला. कपाट उघडून शिक्क्याची डबी पाहिली आणि ती तिथेच ठेवून कपाट लावलं. नवऱ्याचा निळा रुमाल पसरला, त्यावर पेटी ठेवली. मग स्वयंपाकघरातून योकान कापायची पातळ सुरी आणली, ती स्वच्छ पुसून फडक्यात गुंडाळली. श्राद्धासाठी आणून ठेवलेल्या कागदी बशांचा गठ्ठा काढला. गाव मोठा होता. तिने सगळाच गठ्ठा घेतला. आत काय आहे ते तिने पाहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर तसं ती खरं सांगू शकत होती.

रुमालाची गाठ मारताना दारात सावली पडली. हाचिया होते, चष्म्याच्या काड्या पुसत.

"गरम पाणी मिळेल का म्हणून आलो होतो. आज तुमच्याबरोबर मीही चहा सोडून बघतो." त्यांची नजर गाठोड्यावर गेली, बशांवर, सुरीच्या फडक्यावर. मग तिच्या किमोनोवर. तिने किटलीतून पाणी ओतून दिलं.

"तुमच्या सिनेमात," ती म्हणाली, "पेटी परत करणारा कुणी असतो का?"

"असतो कधीकधी."

"त्याचं काय होतं?"

"मरतो," हाचिया म्हणाले. "बहुतेक मध्यंतरानंतर लगेच. त्याचं पुढे काय करायचं ते लेखकाला सुचत नाही हो." पाण्याचा घोट घेऊन त्यांनी पुन्हा बशांकडे पाहिलं. "आणि पेटी परत न करता सगळ्यांसमोर उघडणारा?"

"तो असतो का?" तिने विचारलं.

"मी तरी पाहिला नाही. मी नेहमी देणाराच असतो. दिली की माझं काम संपतं, मी घरी जातो."

"इथे देणारे घरी गेलेले नाहीत," हिसानो म्हणाली. "बैठकीला पहिल्या रांगेत बसतील."

हाचियांनी चष्मा नाकावर चढवला, कोटाची बटणं लावली, जणू त्यांनाही कुठे जायचं होतं. बाहेरून मुरोईंची हाक आली, "मंत्रीसाहेब! कुठे गेले आमचे मंत्रीसाहेब?"

तिने गाठोडं उचललं, पायऱ्यांशी जाऊन सपाता पायात सरकवल्या. मागून ते पडवीपर्यंत आले.

"वहिनी."

तिने वळून पाहिलं.

"एका हातात धरू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "बैठकीत शिरेपर्यंत जड असल्यासारखी धरा. देणाऱ्याची नजर आधी हातांवर जाते."

तिने मान झुकवली. बशांचा गठ्ठा काखेत घेतला, पेटीखाली दुसरा हात लावला, खांदे थोडे खाली आणले. दालनातून पुन्हा फाशांचा आवाज आला, सम, विषम, सम, आणि मग शांतता. अजून पेला उचलला नव्हता. ती पायऱ्या उतरून उताराच्या वाटेने निघाली. लाल टोकाच्या खुंट्यांमधून जाताना किमोनोची कड तिने जरा वर धरली. सकाळी घातलेलं पाणी दगडांच्या खोबणीत अजून तसंच होतं.